आधी आखीव पत्रिका, मग बिल्डर

धंतोलीत घर आहे म्हटलं की नागपुरातला कुणीही माणूस मनातल्या मनात भाव लावतो. सीताबर्डीला पायी जाता येतं, काँग्रेस नगरचं मेट्रो स्टेशन जवळ, गल्लोगल्ली हॉस्पिटलं. बाबांचं वर्षश्राद्ध होतं न होतं तोच आम्हाला बिल्डरांचे फोन सुरू झाले. दादा पुण्याला, मी प्रतापनगरला, आणि धंतोलीच्या त्या दुमजली घरात खाली आई, वर भाडेकरू. दादाचं म्हणणं सरळ होतं. एवढ्या मोक्याच्या जागेतून येतं काय, तर वरच्या मजल्याचं भाडं. घरपट्टी, पाण्याचं बिल आणि दर उन्हाळ्यात गच्चीची डागडुजी यात ते संपतं. पैसा अडकून पडला आहे, तो कामाला लावू.

मला ते पटत होतं. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरी केली आणि तारणाचे कागद वाचण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे घर पाडायचं की ठेवायचं हे ठरवताना मी नकाशाकडे किंवा फ्लॅटच्या रंगीत चित्रांकडे न बघता आधी कागदाकडे वळले, आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगते. लीजच्या जमिनीवर घर असेल तर इमारतीचा विचार दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर जमिनीच्या कागदाचा.

आमची जमीन नझूलची. आजोबांनी चार हजार चौरस फुटांचा, पन्नास बाय ऐंशीचा प्लॉट पट्ट्याने घेतला आणि त्यावर घर बांधलं. घर आपलं, जमीन सरकारची, आपण पट्टेदार. ३० वर्षांनी लीजचं नूतनीकरण, दरवर्षी भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, आणि विकायचं किंवा दुसऱ्याच्या नावे करायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी. धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या भागांत अशी कितीतरी घरं आहेत. माणसं पिढ्यान् पिढ्या त्यांत राहतात आणि घर विकायची किंवा पाडायची वेळ येईपर्यंत लीजचा कागद पेटीच्या तळाशी पडून असतो.

पहिला जो बिल्डर घरी आला त्याची ऑफर ऐकायला गोड होती. स्टिल्ट प्लस फोर, म्हणजे खाली खांबांवर मोकळी जागा आणि वर चार मजले, मजल्यावर दोन फ्लॅट, आठातले चार आमचे, बांधकाम होईस्तोवर आईच्या घरभाड्याचा खर्च त्यांचा. "आणि लीजचं सगळं आम्ही बघून घेऊ ताई, तुम्ही फक्त सह्या करा." सह्या कशावर, हे विचारल्यावर त्यांनी विकसन करारनाम्याचा आणि मुखत्यारपत्राचा मसुदा पुढे केला. मुखत्यारपत्र रद्द न करता येणारं होतं. लीज चालू स्थितीत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नाही, आणि त्याआधीच जमिनीचे विकसनाचे हक्क दुसऱ्याला देऊन टाकायचे, म्हणजे शर्तभंग आपणच करून ठेवायचा. पुढे नोटीस आली असती तर ती बिल्डरच्या नावाने नव्हे, पट्टेदाराच्या नावाने आली असती. मी मसुदा ठेवून घेतला आणि चहा देऊन त्यांना निरोप दिला.

मग नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिकेची, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्याची, ताजी नक्कल काढली. त्यात पट्टेदार म्हणून अजून आजोबांचंच नाव होतं आणि लीजची मुदत कधीच संपलेली. वारसनोंद झालेलीच नव्हती. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आणि घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. म्हणजे कायद्याने अर्धा हिस्सा बाबांचा आणि अर्धा आत्याचा. बाबांच्या अर्ध्यातून आई, दादा आणि मी.

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण या टप्प्यावर सगळे जण एकच सल्ला देतात. बिल्डरने दिला, ओळखीच्या वकिलांनी दिला, नात्यातल्या दोघा-तिघांनी दिला: आत्याकडून हक्कसोड करून घ्या, बाईमाणूस आहे, लग्नात सगळं मिळालं, नाही म्हणणार नाही. खरंच, मागितलं असतं तर आत्याने सही केली असती. तशी ती आहे. पण मीही त्याच घरातली मुलगी आहे. आज आत्याचा हिस्सा घ्यायचा आणि उद्या माझा हिस्सा दादाच्या बरोबरीने मागायचा, हे माझ्या मनाला कुठेच बसेना. दादाला फोनवर मी एवढंच म्हटलं, "हिशेब अर्ध्याचाच कर." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

आत्या वर्ध्याला असते. मी आणि आई कागद घेऊन तिच्याकडे गेलो. तिने चष्मा लावून आखीव पत्रिका बोटाने ओळीओळीने वाचली, आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मले वाटलं तू सहीले आली. तू तर मले हिस्सा सांगून राहिली." त्यानंतरच्या सगळ्या कामांत, मृत्यूच्या दाखल्यांपासून प्रतिज्ञापत्रांपर्यंत, तिने कधी एक कागद उशिरा दिला नाही. गुंतवणुकीच्या भाषेत सांगायचं तर ज्याचा हिस्सा आहे त्याला तो मोकळेपणाने दिला की जमिनीवरचा सगळ्यात मोठा धोका निघून जातो. वारसांतला एक जण नाराज असेल तर दहा वर्षांनीही दावा लागतो आणि फ्लॅट घेणाऱ्याचं कर्ज बँकेत अडकतं. असे दावे मी बँकेत पाहिले आहेत.

वारसनोंद झाली. हरकतींसाठी नोटीस निघाली, हरकत कुणाची आली नाही. आता लीज. विदर्भातल्या नझूल जमिनींसाठी सरकारने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली. निवासी भूखंडासाठी बाजारमूल्याच्या २ टक्के अधिमूल्य भरून जमीन फ्री होल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची (भोगवटादार वर्ग १), करून मिळणार होती. रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, आमच्या प्लॉटचं मूल्य दीड कोटीच्या घरात जात होतं, त्यामुळे अधिमूल्य साधारण ३ लाख, शिवाय थकलेलं भूभाटक आणि त्यावरचं व्याज. दादा म्हणाला, पाडायचं की नाही ते अजून ठरलं नाही, आत्ताच एवढे पैसे का घालायचे? मी म्हटलं, घर ठेवलं, विकलं की पाडलं, तिन्हींत हा खर्च वसूल होतो. जमीन वर्ग १ झाली की विकायला परवानगी नको, नूतनीकरणाची चिंता नको, आणि बँकही तारण म्हणून विनासायास घेते. बाकी कोणत्याही खर्चाबद्दल मी इतक्या खात्रीने बोलू शकले नसते.

एक गोष्ट आड येऊ शकली असती. रस्त्याकडच्या खोलीत बरीच वर्षं एका डॉक्टरांची ओपीडी होती. धंतोलीत हे घरोघरी आहे, राहत्या घरांची हॉस्पिटलं होत गेली आणि आता गाडी लावायला जागा मिळत नाही. पण निवासी लीजवर दवाखाना म्हणजे वापराच्या शर्तीचा भंग. डॉक्टर बाबांच्या हयातीतच दुसरीकडे गेले होते. खोलीत आता आईचं शिलाई मशीन आणि धान्याच्या कोठ्या होत्या, तरी भिंतीवर जुन्या पाटीचे खिळे तसेच होते. स्थळ निरीक्षणाला आलेल्या कर्मचाऱ्याने बरोबर त्या खिळ्यांकडे बघून विचारलं. मी वीजबिल पुढे केलं, मीटर घरगुती दराचा होता. पंचनाम्यात निवासी वापर लिहिला गेला. ज्यांच्या घरात आजही क्लिनिक किंवा दुकान चालू आहे त्यांनी अर्ज करण्याआधी याचा विचार करावा, कारण वापर वाणिज्यिक ठरला तर सगळंच गणित बदलतं.

कागद पुढे सरकत होते तेव्हा आम्ही एका आर्किटेक्टला बोलावलं. बिल्डरचा नव्हे, आमचा, फी आम्ही दिली. आठ फ्लॅट बसतात का हे मला बिल्डरच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्यांनी घराकडे बघितलंच नाही, आधी फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघितला. २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर तेवढाच. ९ मीटर किंवा त्याहून जास्त, पण १२ पेक्षा कमी असेल तर वर ०.५० प्रीमियम भरून आणि ०.४० टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन, एकूण २.००. त्यावर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी, म्हणजे पूरक जादा एफएसआय, तेही प्रीमियम भरून. आमच्या चार हजार फुटांवर याचा अर्थ असा की अ‍ॅन्सिलरी धरून एका बाजूला सात हजार चौरस फूट आणि दुसऱ्या बाजूला बारा हजार आठशे. एकीकडे चार-पाच फ्लॅट, दुसरीकडे आठ.

आजोबांच्या लीज डीडच्या परिशिष्टात पूर्वेला ३० फुटी रस्ता असं लिहिलेलं. ३० फूट म्हणजे ९.१४ मीटर. "चौदा सेंटिमीटरवर तुमची अर्धी बिल्डिंग उभी आहे ताई," आर्किटेक्ट म्हणाले. त्यांच्या माणसाने टेपचं एक टोक आमच्या कंपाउंडला आणि दुसरं समोरच्या कंपाउंडला लावलं, मी वाकून आकडा बघितला. ८.८०. तीन ठिकाणी मोजलं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे, पण ९ कुठेच नाही. नकाशा मंजुरीत ले-आउटवरची रुंदी बघतात, तरी जागेवर रस्ता अरुंद दिसला की प्रश्न निघतो आणि फाइल तिथेच बसते. म्हणून आम्ही रीतसर मोजणीचे पैसे भरले. मोजणी झाली आणि कळलं की समोरच्यांचं कंपाउंड जागेवर आहे. आमचीच पुढची भिंत फूटभर रस्त्यात होती. आजोबांच्या काळात पुन्हा बांधताना ती पुढे सरकली असणार. आम्ही ती पाडून हद्दीवर घेतली. त्यानंतर टेप लावला तेव्हा आकडा नऊच्या वर गेला. नझूलच्या स्थळ निरीक्षणाच्या आधी हे झालं, हेही बरं झालं.

ज्या बिल्डरने पहिल्याच भेटीत आठ फ्लॅट सांगितले होते त्याने रस्ता मोजलाच नव्हता. उद्या नकाशा १.१० वर अडकला असता तर आठातल्या चारऐवजी चार-पाचातले दोन आमच्या वाट्याला आले असते, आणि तोवर घर पडलेलं असतं.

घराची स्वतःची अवस्था काय, हेही बघणं भाग होतं. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्यातच आहे. इंजिनिअरने तळमजल्याच्या भिंतींना हातोडीने ठोकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. चुन्यातलं विटकाम अजून घट्ट. दुखणं वरच्या, नंतर घातलेल्या स्लॅबमध्ये. न्हाणीघरावरच्या छताचा पोपडा त्यांनी करवतीच्या टोकाने काढला तर आतली सळई गंजून फुगलेली, हाताने चोळली की पापुद्रे निघत होते. वरचा स्लॅब नवा घालायचा, वायरिंग आणि नळ बदलायचे, याचा अंदाज १५ लाखांवर गेला. एवढं करूनही वरचं भाडं फार वाढणार नव्हतं.

आता हिशेब. एका फ्लॅटची किंमत मी जपून सव्वा कोटी धरली आणि भाडं महिन्याला तीस हजार. म्हणजे वर्षाला किमतीच्या तीन टक्क्यांहून थोडं कमी. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त व्याज देते, हे दादाने लगेच दाखवून दिलं. फ्लॅट भाड्यासाठी म्हणून घेतला तर तो महागच पडतो. आमच्या बाबतीत फरक असा की जमीन आधीच हातात होती, आणि ती ज्या स्वरूपात होती त्यात तिचं उत्पन्न याच्याही खाली होतं. शिवाय चार हिस्सेदारांना एक जुनं घर वाटून देता येत नाही. फ्लॅट वाटता येतात. माझ्या मते पुनर्विकासाच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता.

स्वतः बांधायचं का, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. आठही फ्लॅट आपले, नफा आपला. पण बांधकाम, प्रीमियम, टीडीआर मिळून सव्वातीन कोटींच्या पुढे जात होतं. नऊ टक्क्यांनी कर्ज धरलं तर व्याजच वर्षाला तीस लाखांच्या आसपास, आणि चौघा मालकांपैकी आई आणि आत्या कर्जाला सह्या करायच्या वयाच्या नाहीत. एक फ्लॅट विकायला वर्षभर उशीर झाला तर नफा व्याजात जातो. कर्जविभागात बसून मी दुसऱ्यांना जे सांगत आले तेच स्वतःला सांगितलं आणि तो विचार सोडला.

जमीन वर्ग १ झाल्याचा आदेश आला, आखीव पत्रिकेवर नोंद झाली, आणि मग आम्ही पुन्हा बिल्डरांशी बोललो. तीच जागा, तेच चार हजार फूट. आता चार फ्लॅट आणि वर पन्नास लाख, अशी बोली लागली. अधिमूल्य, थकबाकी, मोजणी, आर्किटेक्ट सगळं धरून आमचा खर्च त्याच्या आसपासही नव्हता. पहिल्या बिल्डरची "लीजचं आम्ही बघतो" ही मदत आम्हाला किती महागात पडली असती ते तेव्हा आकड्यात दिसलं.

आम्ही निवडला तो विकासक मोठा नाही. धंतोलीतच त्याची दोन कामं पूर्ण झालेली, दोन्ही इमारतींतल्या रहिवाशांना मी जाऊन भेटले, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी, मिळालं का आणि गच्ची गळते का एवढंच विचारलं. करारावर मात्र खूप वेळ गेला. आमचा प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आतला आणि फ्लॅट आठ, त्यामुळे प्रकल्पाला रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी लागत नाही. बिल्डर ही गोष्ट सोय म्हणून सांगतात. जमीनमालकाने ती ऐकून सावध व्हावं, कारण रेरामुळे जे संरक्षण आपोआप आलं असतं ते इथे करारात एकेक ओळ लिहून मिळवावं लागतं. नकाशा मंजूर झाल्याशिवाय घराचा ताबा द्यायचा नाही. आमचे चार फ्लॅट कोणते, ते मजला आणि दिशेसकट करारात. आमच्या हिश्श्यावर विकासकाला कर्ज काढता येणार नाही. मुखत्यारपत्र फक्त मंजुऱ्यांसाठी आणि त्याच्या चार फ्लॅटच्या विक्रीसाठी. आणि काम पूर्ण म्हणजे रंग लागला म्हणून नव्हे, भोगवटा प्रमाणपत्र हातात आलं म्हणून. तोवर भाडं चालू.

दोन गोष्टी आईने घालायला लावल्या. कोपऱ्यातला कडुनिंब आजीने लावलेला, पन्नास वर्षांच्या वरचा, म्हणजे २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने हेरिटेज वृक्ष. तो पुढच्या मोकळ्या मार्जिनमध्ये राहील असाच नकाशा काढला. दुसरी गोष्ट पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत रात्रीतून पाणी शिरलं. ती सकाळ नागपूरकर विसरलेले नाहीत. पहिल्या आराखड्यात वीजमीटर आणि पंप स्टिल्टमध्ये अगदी जमिनीलगत होते. आईने आर्किटेक्टला विचारलं, "पाणी आलं तर हे कुठं जाईन?" मीटरचं पॅनेल कमरेच्या वर घेतलं आणि स्टिल्टची फरशी रस्त्यापेक्षा उंच ठेवली.

चारांतले दोन फ्लॅट आत्याचे. आईने तिचा हिस्सा आम्हा दोघा भावंडांना सारखा दिला, त्यामुळे एक दादाचा, एक माझा. माझ्या फ्लॅटमध्ये आई राहणार, तेव्हा त्याचं भाडं मी हिशेबात शून्यच धरलं आहे आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. दादाला त्याचा विकायचा आहे. कराराची बातमी पसरताच शेजारच्या गल्लीतून एक गिऱ्हाईकही आलं, टोकन द्यायला तयार. पण सीएने सांगितलं की अशा करारात वैयक्तिक मालकाचा भांडवली नफ्यावरचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी लागतो, ही सवलत आहे. दाखल्याआधी आपला हिस्सा विकून टाकला तर ती हातची जाते आणि कर आधीच भरायची वेळ येते. दादाने गिऱ्हाइकाला तसं सांगितलं, नंबर लिहून ठेवला आणि टोकन घेतलं नाही.